सोळा वाट्यांचं कडू

सन एकोणीसशे सात. मी पंचवीस वर्षांचा होतो, आणि जुन्नरच्या पेठेत एक दाढीवाला माणूस माझ्या बैलगाडीच्या आखाला बोट लावून ते बोट चाटत होता.

"ओ, काय चाललंय?" मी ओरडलो.

"वंगण तिळाच्या तेलाचं म्हणून दिलं का तुला?" तो जीभ टाळ्याला लावत म्हणाला. "करंजाचं हाय. फसलास, पाटील."

मी पाटील नव्हतो. पण कुणी पाटील म्हटलं तर त्याची चूक काढायची आमच्या घराण्यात रीत नाही. जडीबुटीचं दुकान चालवणाऱ्या अत्तारचाचांची नि माझी ओळख झाली ती अशी.

पेठेतली माणसं माल डोळ्यांनी पारखायची, चाचा जिभेनं. हिरडा असो, सुंठ असो, दुकानात आलेला जिन्नस आधी त्यांच्या तोंडात जायचा आणि मग डब्यात. नुसतं पाणी चाखून ते कुठल्या आळीतल्या विहिरीचं ते सांगायचे. चाची चिडायच्या. "दिवसभर दुकान खाऊन येतात आणि मग माझ्या कालवणाला मीठ कमी म्हणतात!" चाचांचं उत्तर ठरलेलं असे, "माणूस खोटं बोलतो, जीभ न्हाई." हे त्यांचं म्हणणं मी पुढं खोटं पाडलं, ते सांगतोच.

आमच्याकडे पावसाळा सरता सरता घरोघर आव लागायची. रक्त पडायचं, चार दिवसांत धट्टाकट्टा गडी भिंत धरून चालायचा. त्यावर पांढऱ्या कुड्याच्या सालीचा काढा हे ठरलेलं औषध. पण तो इतका कडू की पोरं आणि म्हाताऱ्या दुसऱ्या घोटाला ओकायच्या. चाचा म्हणायचे, "टोपलीभर सालीत औषध चिमटीभर, बाकी नुसतं लाकूड. मला ती चिमटी काढायची हाय." यासाठी दोन वर्षं दुकानामागच्या पडवीत चूल पेटलेली असायची. साल मी आणायचो. महाळुंगे पडवळच्या आमच्या घरामागचा डोंगर मला पाठ होता. बाजाराच्या दिवशी भारा नेऊन टाकायचो.

साल सिरक्यात, म्हणजे आंबवलेल्या आंबट रसात, उकळायची. मग गाळायची, पण फडक्यातून नाही. जुन्नरच्या कागद बनवणाऱ्या कागद्यांकडून चाचा खळ न लावलेला कागद आणायचे. शाई त्यावर पसरते, पण पाणी त्यातून थेंब थेंब असं निवळ उतरतं की बघत राहावं. त्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की तळाशी पांढरा गाळ बसे. तो धुवायचा, वाळवायचा. पहिल्या वर्षी मडकी फुटली, चाचांची दाढी जळली, आणि एक कोंबडी गाळ खाऊन आढ्यावर बसली ती दोन दिवस खाली आली नाही.

भुकटी जमली का नाही हे ठरवायचं कसं? वजनावर चाचांचा विश्वास नव्हता. बाजरीच्या दाण्याएवढी भुकटी वाटीभर पाण्यात टाकायची आणि चाखायचं. कडू लागलं की आणखी एक वाटी पाणी. पुन्हा चाखायचं. कडवटपणा जाईपर्यंत वाट्या ओतत राहायचं आणि भिंतीवर कोळशानं रेघा मारायच्या. पहिली भुकटी तीन वाट्यांत मेली. मग सात झाल्या, मग अकरा. शेवटची तर सोळा वाट्या पाण्यातही कडू लागली, तेव्हा चाचा पडवीतच बसले आणि लहान पोरासारखे हसले.

ती सोळा वाट्यांची भुकटी करंगळीएवढी शिशी जेमतेम अर्धी भरेल एवढीच होती. पुण्याच्या एका दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी चाचांना शब्द दिला होता, "शिशीभर आणा, माझ्या रोग्यांवर तपासतो. कसाला उतरली तर वर सरकारात लिहितो." चाचांचा जीव त्या शिशीत अडकला होता. ईद झाली की टांग्यानं पुण्याला जायचं, तोवर उरलेली अर्धी शिशी भरायची.

मध्ये रमजान आला. चाचांची चाखायची रीत सकाळच्या उपाशी जिभेची. "जेवलेल्या जिभेवर माझा भरवसा न्हाई," म्हणायचे. आणि रोज्यात तर दिवसा पाण्याचा थेंबही नाही. त्यांनी मला समोर बसवलं. "पाटील, या महिन्यात तुझी जीभ माझी. साल तोडायच्या आधी तुकडा तोंडात धरायचा, शंभर मोजायचे, मग थुंकायचं. कडू चढत गेलं तरच ते झाड आपलं."

शाळेत मोजणीत मास्तरांचं नि माझं विसाच्या पुढं पटलं नव्हतं. शंभर म्हणजे पाच विसा, एवढं मला ठाऊक होतं. पण मला कडू सोसत नाही, कारल्याच्या भाजीलासुद्धा मी पाठ करून बसतो. शिवाय झाडं ओळखायला आम्हाला कुणी शिकवावं? त्या आठवड्यात डोंगराची वाट चिखलानं निसरडी होती आणि आमच्या बांधावर कुडा उभा होता. तीच पांढरी फुलं, तोच चीक. शेंगांची टोकं तेवढी एकमेकांना चिकटलेली होती. म्हटलं, बहिणी असतील. साल सोलली, भारा नेला.

"चाखलीस?"

"लई कडू, चाचा! डोळ्यांत पाणी आलं."

"शाबास!"

महिनाभर हेच चाललं. भुकटी पांढरीशुभ्र पडत होती, वेगळ्या डब्यात साठत होती. चाचा ती दुरून बघायचे आणि मला विचारायचे, "वाट्या किती?" मी वाटीला तोंड न लावताच म्हणायचो, "सोळा." एकदा जोर आला म्हणून अठरा म्हणालो.

ईद आठ दिवसांवर आली आणि आमच्या आईला आव लागली. तिसऱ्या दिवशी तिला उठवेना. काढा पोटात ठरत नव्हता. मी जुन्नरला धावलो. चाचांनी नव्या भुकटीची पुडी दिली. "घाबरू नको. तुझ्याच जिभेनं पास केलेली हाय."

आईनं पुडीतली भुकटी जिभेवर घेतली, डोळे उघडले आणि पुटपुटली, "पानाला लावायचा चुना आनलास व्हय रं? आन् पान कुठंय?"

मी उरलेली भुकटी तोंडात टाकली. चुनाच होता. निवळीतला चुना तेवढा तळाशी बसला होता, कुड्याचा त्यात लवलेश नव्हता. "साल कुठनं आनलीस?" आईनं विचारलं. बांधावरची, म्हटलं. "तो काळा कुडा, मुडद्या. त्याची खेळणी करत्यात."

पहाटे निघालो, उन्हं चढता चढता जुन्नर गाठलं. चाचा खल धूत होते. मी म्हणालो, कागद खराब निघाला. मग म्हणालो, सिरका पातळ होता. मग म्हणालो, चुना जास्त पडला असंल. चाचांनी खल खाली ठेवला.

"पाटील, आई आजारी हाय ना? मग खरं आधी सांग. ताठा मागनं कर, तुला येळ लई हाय."

"साल मी चाखलीच न्हाई," मी म्हणालो. "आन् झाड काळ्या कुड्याचं व्हतं."

चाचांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! रोजा माझा, आन् उपाशी राहिली तुझी जीभ!"

ते आत गेले आणि शिशी घेऊन आले. तीच अर्धी, सोळा वाट्यांची.

"ही पुण्याची हाय, चाचा," मी म्हणालो.

"पुण्याचे डॉक्टर काय बघनार व्हते? आव थांबती का न्हाई तेच ना? मग तुझ्या आईपाशी बघ." त्यांनी शिशी माझ्या मुठीत दाबली. "जोंधळ्याच्या दाण्याएवढी, मधात, दिवसातनं तीनदा. वकली तर शिव्या खायच्या आन् परत द्यायची."

घरी येऊन पहिला दाणा दिला. आईचं तोंड वेडंवाकडं झालं. "कुणी दिलं हे इख? त्याचं वाटोळं हो!" आयुष्यात मी पुष्कळ शिव्या खाल्ल्या, पण इतकी गोड एकही लागली नाही. ती ओकली नाही. दुसऱ्या दिवशी रक्त थांबलं. ईदच्या दिवशी तिनं भाकरी मागितली, आणि भाकरी जाड झाली म्हणून माझ्या बायकोला बोलली. तेव्हा माझी खात्री पटली.

त्याच दुपारी आईनं दिलेलं तुपाचं गाडगं घेऊन मी जुन्नरला गेलो. चाचांनी मला मिठी मारली, शिरखुर्मा पुढं ठेवला.

"शिशी?"

"संपली."

"आन् आई?"

"भांडतीय."

"मग उतरली!" चाचा म्हणाले आणि भिंतीवरच्या सोळा रेघांखाली कोळशानं एक मोठी आडवी रेघ ओढली.

पुढं शिशी पुन्हा भरायला उन्हाळा उजाडला. तोवर पुण्याचे डॉक्टर बदलून गेले होते. नव्यांनी शिशी हातातसुद्धा घेतली नाही, म्हणाले, अत्ताराच्या पुड्या दवाखान्यात चालत नाहीत. चाचा त्याच टांग्यानं परत आले. "त्यानं जीभच लावली न्हाई," एवढंच बोलले. त्या शिशीच्या पुड्या करून त्यांनी गावोगाव वाटल्या आणि चूल काही विझवली नाही. चाचांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. वर कुणी त्यांचं नाव लिहिलं नाही. त्यांनीही मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

त्या ईदला निघताना मी उंबऱ्यात घुटमळत होतो. माफी मागायची सवय नाही. चाचांनी हातात चाखायची एक रिकामी वाटी दिली आणि म्हणाले, "जा आता, पाटील. आई वाट बघत आसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी, तोंडात पाण्याचा थेंब न घालता, मी डोंगर चढलो. शेंगा सुट्या असलेलं पहिलं झाड गाठलं, सालीचा तुकडा सोलला आणि जिभेवर ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बोटांवर पाच विसा मोजले. मग थुंकलो.