यादीत नसलेली शेगडी

अख्ख्या ओमानात माझ्या बायकोच्या मामांइतकं मनापासून चिडणारा माणूस दुसरा झाला नाही. वादी कबीरला गॅरेजांच्या रांगेत त्यांचं वर्कशॉप होतं. वाळवंटात मुक्कामाला जाणाऱ्या कॅराव्हॅनमध्ये बॅटरी, इन्व्हर्टर आणि टपावर सोलर बसवून देणं हा त्यांचा धंदा. गिऱ्हाइकाला झापणं त्यासोबत फुकट. सकाळी चहा गार म्हणून चिडत, दुपारी ऊन कमी म्हणून. मस्कतमध्ये, जून महिन्यात.

खरा राग मात्र यादीवर. कामाला हात लावण्याआधी ते गिऱ्हाइकाकडून लिहून घेत, गाडीत काय काय चालवणार आणि किती वेळ. ती वाचता वाचताच लाल होत. "प्रत्येक जण एक वस्तू लपवतो," म्हणत, "डॉक्टरसमोर दारू लपवावी तशी." एका अर्बाबाने, म्हणजे तिथल्या बड्या शेठने, कॉफीचं मशीन लपवलं, तर मामांनी त्याची गाडी तीन दिवस दारात उभी ठेवली. त्याने मुकाट्याने नवी यादी आणून दिली, वर खजूरही.

मी सेकंडहँड कॅराव्हॅन घेतली तेव्हा यादीत दिवे, पंखा आणि छोटा फ्रिज लिहिला. इंडक्शनची शेगडी लिहिली नाही. भीतीपोटी.

ईदच्या सुटीत चिपळूणहून आलेल्या सासूबाईंना, म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीला, घेऊन आम्ही वाळवंटात गेलो. वाऱ्यात गॅस टिकेना, म्हणून शेगडीवर दीड तास मटण शिजवलं. त्यात मी शहाणपणाने गाडी झाडाखाली लावलेली. जेवणं होईतो फ्रिज बंद पडला. आत सासूबाईंचं इन्सुलिन, बाहेर भाजणारं ऊन आणि चाकं वाळूत रुतलेली. रेंजसाठी टेकाडावर चढून मामांना फोन लावला.

"यादीत नसलेलं काय चालवलंत?"

"शेगडी."

"गाडी उन्हात आहे ना?"

"सावलीत."

"सोलरची गाडी सावलीत लावणारे तुम्ही पहिलेच, जावईबापू. हा जावई शोधायला किती दिवस लागले, विचारा ताईला."

पुढची दहा मिनिटं त्यांनी एकदाही अहो-जाहो न सोडता माझ्या डिग्रीपासून डोक्यापर्यंत सगळं काढलं. मग म्हणाले, "पलंगाखालची फळी उचला. लाल स्विच आहे, तो दाबा."

फळीखाली आणखी एक बॅटरी होती. फ्रिज घुरघुरायला लागला. "लहानपणीही असाच," सासूबाई म्हणाल्या, "भांडून खाऊ हिसकावायचा आणि अर्धा माझ्यासाठी लपवून ठेवायचा." पुढे कळलं, अशी बॅटरी ते प्रत्येक गाडीत ठेवत आणि कुणालाच सांगत नसत.

गेल्या वर्षी मामा वर्कशॉप, व्हिसा सगळं खलास करून चिपळूणला परतले. फोनवर आता फार मवाळ बोलतात. "बरं आहे," म्हणतात, "तुम्ही म्हणाल तसं." मला ते ऐकवेना. म्हणून परवा सांगून टाकलं, "मामा, यंदाही गाडी सावलीतच लावली."

चांगली दहा मिनिटं मिळाली. फोन कानापासून लांब न धरता मी ती सगळी ऐकली. गाडी आमच्या बिल्डिंगखाली उभी होती, भर उन्हात.