आसन सोडलं ती संध्याकाळ

राधनपूरच्या आमच्या शेरीत चौविहाराची, म्हणजे दिवस मावळताना खाणंपिणं बंद करायची, वेळ विचारायला कुणी देरासरातल्या, जैन मंदिरातल्या, फळ्यापर्यंत जात नसे. तरुलताच्या ओट्यापाशी थांबून हाक मारली की झालं. "तरुबेन, आज दिवस कधी मावळतोय?" ती आतूनच, बहुधा कणीक मळता मळता, उत्तर द्यायची.

तिचं सगळं घर सूर्यास्तापासून मागे मागे बांधलेलं होतं. दिवस मावळल्यावर तिथे कुणी घास घेत नसे. नवरा हर्षद कापडाचं दुकान नोकरावर सोडून कधी येऊन जेवणार, जाऊ जिग्ना बँकेतून कधी सुटणार, धाकट्या लेकीने, मोक्षाने, आधी जेवायचं की आधी गणित, हे ती सकाळी दूध तापवतानाच ठरवून टाकी. दीर विपुल पाटणहून बसने येई. त्याचा संध्याकाळचा डबा सकाळीच बांधलेला असे, बसच्या खिडकीतून सूर्याकडे बघत बघत खायचा. जिग्ना हसायची, "भाभी, आमच्या मॅनेजरना तुमच्याकडे शिकायला पाठवते." तरु म्हणायची, "पाठव. भाजी निवडायला माणूस हवंच आहे."

त्या वर्षी या सगळ्यात तिच्या सासूबाईंचं, झवेरबांचं, वर्षीतप आलं. एक दिवस कडक उपवास, दुसऱ्या दिवशी बियासणं, म्हणजे दोनदाच बसून जेवायचं. असं वर्षभर चालून अखात्रीजेला, अक्षय्य तृतीयेला, उसाच्या रसाने पारणं. बियासण्यात एकदा आसनावरून उठलं की ते जेवण संपलं. पानात काहीही राहिलेलं असो, पुन्हा बसता येत नाही.

झवेरबांनी हे तप आधी दोनदा धरलं होतं. पहिल्या वेळी विपुल पोटात राहिला, दुसऱ्या वेळी सासरे अंथरुणाला खिळले. दोन्ही वेळा सोडावं लागलं. आता सत्तरीपुढे पुन्हा धरताना त्या कचरल्या, तेव्हा तरुच म्हणाली होती, "या खेपेला घर माझ्यावर सोडा, बा. तुम्ही फक्त बसा."

त्या खरंच बसल्या. चातुर्मास गेला, दिवाळी गेली, उत्तरायणाचे पतंग गेले. झवेरबा वाळत गेल्या, पण चेहऱ्यावर तेज होतं. तरु वाळत गेली, ते मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. तिला अधूनमधून अंधारी यायची. मी मोक्षाची शिकवणी घ्यायला जाई; एकदा म्हटलं, "डॉक्टरकडे जाऊन ये गं." ती म्हणाली, "जायचंय, बेन. बांच्या उपवासाच्या दिवशी जाईन, त्या दिवशी चूल हलकी असते." पण उपवासाच्या दिवशी कधी विपुलचं काम निघे, कधी मोक्षाचं. सगळ्यांच्या वेळा तिच्या डोक्यात होत्या, त्यात तिची स्वतःची वेळ तेवढी नव्हती.

माघातली संध्याकाळ होती. मी पुढच्या खोलीत मोक्षाला अपूर्णांक शिकवत होते. आत बांचं बियासण्याचं दुसरं जेवण सुरू झालं होतं. दिवस लहान, ऊन भिंतीवरून झपाट्याने वर सरकत होतं.

"बा, हळूहळू जेवा. वेळ आहे अजून."

"तू उभी का? बस जरा."

"खिचडी वाढते नि बसते."

मग भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काहीतरी जड पडल्याचा. मी धावत आत गेले. तरु चुलीशेजारी आडवी झाली होती. झवेरबा तिचं डोकं मांडीवर घेऊन पदराने वारा घालत होत्या. त्यांचं आसन पलीकडे रिकामं होतं. ताटातली भाकरी एका कडेला मोडलेली, बाकी सगळं तसंच.

तरुने डोळे उघडले आणि आधी आसनाकडे बघितलं. "बा, तुम्ही उठलात?"

"उठले."

तोवर हर्षद आला. त्याला सारं कळल्यावर तो म्हणाला, "बा, दिवस मावळला नाही अजून. बस परत. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," झवेरबा म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच ताट उचलून बाजूला ठेवलं.

दुसरा दिवस उपवासाचा होता. म्हणजे दुपारच्या पहिल्या जेवणातल्या चार घासांवर परवाच्या सकाळपर्यंत काढायचं. सगळ्यांनी विनवलं. त्यांचं एकच, "नेम आहे." दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर त्यांची शुद्ध गेली. डॉक्टरांनी सलाइन लावली, तोंडात औषध सोडलं. विचारायला त्या जाग्या नव्हत्या, म्हणून हर्षदने मान हलवून होकार दिला. तप मोडलं.

झवेरबा शुद्धीवर आल्या तेव्हा तरु त्यांच्या पायाशी बसून रडत होती. "माझ्यामुळे झालं, बा."

"तू पडलीस, त्यात तुझा काय दोष? उठले ती मी." थोडं थांबून म्हणाल्या, "तिन्ही वेळा घरानेच उठवलं बघ मला."

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. रागाने म्हणाल्या असत्या तर तरुला सोपं गेलं असतं.

अखात्रीजेला शेरीतून तपस्व्यांचा वरघोडा, वाजतगाजत मिरवणूक, निघाला. झवेरबा खिडकीशी होत्या. तरु म्हणाली, "बा, पुढच्या साली पुन्हा धरा. मी नीट बसवते सगळं."

"मला बसवशील गं," त्या हसून म्हणाल्या, "पण पुढच्या सालाला कसं बसवशील?"

पर्युषणाच्या आधीच त्या गेल्या.

घर चालतं अजून. हर्षद वेळेवर येतो, विपुलचा डबा बांधला जातो, तरु डॉक्टरांच्या गोळ्या घेते. परवा शेजारच्या सविताबेनने ओट्यापाशी थांबून सवयीने हाक मारली, "तरुबेन, आज दिवस कधी मावळतोय?"

आतून तरुचा आवाज आला, "फळ्यावर लिहिलंय, बेन. तिथे बघा."