ते शून्य मीच लिहिलं होतं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. धुळ्यात माझं छोटं ऑफिस आहे, वेबसाइट आणि सर्व्हरची कामं करतो. मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावरून इथवर आलो— कुणाचा हात धरून नाही. फक्त चूक असती तर कधीच सांगून मोकळा झालो असतो. ही नुसती चूक नाही.

नरडाण्याजवळच्या एका जिनिंग मिलसाठी मी कापसाच्या गाड्यांचे नंबर लावणारी सिस्टीम केली होती. शेतकऱ्याने मोबाइलवर पान उघडायचं, नंबर घ्यायचा, मग गाडी आणायची. तिथले मॅनेजर नाना. त्यांनी तीनदा माझा भाव पाडला आणि वर चारचौघांत म्हणाले, "तू काय पुणावाला शे का, इतलं मांगाले?" ते मी विसरलो नाही. अजूनही नाही.

पान नुसतं उघडं पडून राहिलं की तीस सेकंदांनी कनेक्शन तोडायचं, असा टाइमआउट मी ठेवला होता. शेतात रेंज कच्ची, त्यामुळे लोकांची पानं सारखी तुटायची. नानांनी परत सगळ्यांसमोर सुनावलं. माझं डोकं फिरलं. "घ्या, आता तुटणारच नाही!" म्हणालो आणि तिसाच्या जागी शून्य लिहिलं. मी वापरलेल्या तयार कोडमध्ये शून्य म्हणजे मुदतच नाही, कनेक्शन कधीच सुटायचं नाही. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

नंबरांचं काम रेखाअक्का बघायच्या. त्यांनी मला बजावलंही होतं— भाऊ, लोक नंबर घेतल्यावर पान बंद करत नाहीत. एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तसं दिवसभर उघडं ठेवतात, बंद केलं तर नंबर जाईल म्हणून. मी काय म्हणालो? "अक्का, सर्व्हर तुम्ही लिहिलाय की मी?"

ऐन हंगामातल्या एका सोमवारी सकाळी दहालाच सर्व्हर भरला. दोनशे कनेक्शनं, सगळी नुसती उघडी पडलेली. नवीन माणसाला जागाच नाही. फाटकापासून रस्त्यापर्यंत भरलेल्या गाड्या, आणि नंबर कुणालाच मिळेना. अक्कांनी घाबरून सर्व्हरचं मशीन बंद करून चालू केलं. अडकलेली कनेक्शनं सुटली, दहा मिनिटं चाललं, पुन्हा ठप्प. मी गाडी काढून पोचलो.

पुढे मी जे बोललो ते रागाच्या भरात, असं मी स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. आधी मी मशीनच्या खोलीत एकटा बसलो, फाइल उघडली— आणि ते शून्य दिसलं. ते पुसून मी साठ लिहिलं. हात पुसले. सिस्टीम सुरू झाली. मग नाना आत आले.

"कोनी चूक शे ही?"

दोन शब्द पुरले असते— माझी, नाना. पण याच माणसापुढे? मी आवाज चढवला, "मशीन कुणी बंद केलं? त्यानेच सेटिंग उडालं!"

सगळे अक्कांकडे वळले. आठ वर्षांची त्यांची नोकरी, रस्त्यावरच्या गाड्या हलायच्या आत गेली. मी बघत उभा होतो.

निघताना त्या फाटकाशी थांबलेल्या दिसल्या, हातात डब्याची पिशवी. आता ही बाई मला उघडं पाडणार— पानांचं तिनेच तर आधी सांगितलं होतं! मी उत्तर तयार ठेवलं. त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मशीनमधलं मला काय कळतं? माझ्यामुळे तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं. माफ करा."

त्या दिवशी सिस्टीम जी दहा मिनिटं चालली, ती या बाईमुळेच चालली होती. आणि तीच माफी मागत होती— माझी. तेव्हाही सांगता आलं नसतं का? गाड्या आत गेल्या होत्या, फाटकाशी आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, "असू द्या अक्का. पण पुढे कुठे कामाला लागलात, तर असं करू नका."

त्या "हो भाऊ" म्हणाल्या.