एस्तूचा राखणो

एस्तूला झोप लागते की नाही, खरं सांगायचं तर एवढंच बघायला मी नगरहून मालवणला निघाले. एस्तू माझी धाकटी बहीण, लग्न होऊन मालवणची झालेली. तिचा मुलगा सॅम्युएल आणि माझा पौलस एकाच मालवाहू बोटीवर खलाशी. बोट वादळात सापडल्याचं कळलं, त्यानंतर खबर नाही. माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि हिचा निरोप आला, "आम्ही बरी आहोत, ये चार दिवस." बरी कशी?

कुडाळला एस.टी. बंद पडली. मी चुळबुळ करू लागले तशी शेजारची बाई म्हणाली, "बस गो बाय, मालवण खंय पळान जाता?" उतरले तेव्हा अंगावर लाल धुरळ्याचं पुट. एस्तू हसत दारात उभी. गाल वर आलेले! माझ्या पोटात दुखलंच.

जेवायला पेज (पातळ भात) आणि तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं. ती भुरके मारत जेवली आणि चटईवर पडल्या पडल्या घोरू लागली. आम्ही दोघी एकाच पाळकाच्या (चर्चच्या धर्मगुरूच्या) मुली. 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे बायबलमधलं स्तोत्र बाबांनी एकाच ओट्यावर बसवून पाठ करून घेतलं. माझा शब्द चुकत नसे, ही दरवेळी अडखळायची. मग देवानं झोप हिलाच का दिली?

संध्याकाळी ती तेच स्तोत्र पुटपुटत होती. 'मेंढपाळ'च्या जागी म्हणाली, 'राखणो'. मी लगेच पकडलं. "मेंढपाळ गं! अजून चुकतेसच."

"हंय मेंढरां खंय आसत, ताई? हंय राखणो आसा." राखणो म्हणजे गावची गुरं चारायला नेणारा.

मग तिनं बेड्याचे (कुंपणातल्या फाटकाचे) आडवे बांबू काढले आणि आत जाऊन भाकरी थापू लागली. गावची गुरं परतली, हिची गाय दिसेना.

"अगं, तुझी गाय आली नाही!"

"येतली. सकाळी राखण्याक दिली मा? मगे वाटेर उभी रवान काय करू? बेडां उघडां आसा, पुरे."

माझा तोल गेला. "पोराचंही असंच? काळीज आहे की दगड?"

तिचा हात थांबला. डोळे भरले. "चिंता नाय कशी, ताई? रोज आधी तुझ्या पौलसाक राखण्याच्या हातात देतंय, मगे माझ्या सॅमाक."

आधी पौलस! मी प्रार्थनेत तिच्या पोराचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. असा जळफळाट झाला माझा! तेवढ्यात बाहेर घंटा वाजली, गाय आपली आपण गोठ्यात शिरली. एस्तूनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

नगरला परतून बरेच दिवस झाले. खबर अजून नाही. संध्याकाळी मी फाटकाची कडी काढून ठेवते, आधी सॅमचं नाव घेते, मग पौलसचं, म्हणजे तेवढी तरी बरोबरी होते. मग भाकरी थापायला बसते, आणि तव्यावरची करपेपर्यंत फाटकाकडे बघत राहते. मेलीची भाकरी करपत नसणार.