आरशाच्या उजेडात वाचलेला दगड

आईवडील सोडले तर माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या अमेरिकेतल्या घरमालकीणबाईंचे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांचे नातेवाईक अजून त्याच खोऱ्यात राहतात. मी त्यांना मावशी म्हणत असे, तेवढं पुरे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी पेन्सिल्व्हानियातल्या एका विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला गेलो. आमचं गाव विदर्भातलं, तालुक्याचं. वडील जिनिंग फॅक्टरीत कामाला. घरात अक्षरओळख झालेला मी पहिला, आणि कॉलेजात गेलेलाही मीच पहिला. जानेवारीत एका हाफ स्वेटरवर मी मावशींच्या दारात उभा राहिलो, तेव्हा खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला गाडीत घालून दुकानात नेलं आणि कोट घेऊन दिला. पहिल्याच वर्षी मला कांजिण्या झाल्या, तर खोलीच्या दाराशी सूपचा वाडगा ठेवून त्या बाहेर खुर्ची टाकून बसायच्या आणि वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायच्या. गाडी चालवायला त्यांनी शिकवलं. पुढे माझा प्रबंध टाइप करायला घेतला तोही त्यांनीच.

मावशी म्हणजे काय, हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

"आईची बहीण? बरं. मग तुझ्या आईचे गुडघेपण माझ्यासारखेच दुखतात का?"

"हो."

"मग नक्कीच बहीण," असं म्हणून त्यांनी मला काकवीचा पाय वाढला. 'पाय' म्हणजे पिठाच्या पारीत गोड सारण भरून भाजलेला तिकडचा पदार्थ, त्यात ते काकवी घालतात. मी दुसरा तुकडा मागितला तेव्हा त्या म्हणाल्या, "प्रोफेसर, तू आमच्यातलाच दिसतोस."

मावशींचं घराणं जर्मन. अमेरिका स्वतंत्र व्हायच्या आधी त्यांचे पूर्वज ऱ्हाइन नदीकाठच्या पॅलेटिनेट प्रांतातून जहाजानं फिलाडेल्फियाला आले आणि तिथल्या चुनखडीच्या जमिनीवर गहू पेरून स्थायिक झाले. आता त्या घराण्यात इतकी माणसं होती की दर ऑगस्टमध्ये चर्चच्या मागच्या झाडीत त्यांचा मेळावा भरायचा. ज्यानं-त्यानं आपल्या शाखेच्या रंगाची फीत शर्टाला लावायची, कोंबडी आणि मक्याचं सूप प्यायचं, मुलांनी बॉल खेळायचा. मेळाव्याचे अध्यक्ष मावशींचे थोरले भाऊ. डेअरीचा धंदा, भरदार अंग आणि बोलायला मिस्कील. इंडियन म्हटल्यावर त्यांना तिथले मूळचे रेड इंडियनच आठवायचे, म्हणून ते मला 'चीफ', म्हणजे टोळीचा म्होरक्या, म्हणायचे. "तुझी टोळी कुठली, चीफ?" हा त्यांचा दर भेटीतला विनोद.

माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षीच्या मेळाव्यात ठरलं की मूळपुरुषाचा ग्रॅनाइटचा स्मृतिस्तंभ उभारायचा आणि घराण्याचा इतिहास छापायचा. माहिती गोळा करायचं काम मावशींकडे आलं आणि त्यांनी ते माझ्याकडे आणलं.

मला ते काम आवडलं, याचं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्या गावच्या वाचनालयात एका कपाटात कुलवृत्तांत होते. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं, मूळपुरुषापासून शाखा फुटत गेलेली. लहानपणी मी त्यातलं एक उघडून आमचं आडनाव शोधत बसलो होतो. तेव्हा ग्रंथपाल म्हणाले, "अरे, तुमचं नसणार त्यात." रागावून नाही, सहज. आमच्या घरी वडिलांच्या आजोबांपर्यंतची नावं ठाऊक होती, त्यापलीकडे कोणाला काही माहीत नव्हतं. तेव्हा असं एखादं पुस्तक माझ्या हातून तयार होणार, मग ते कोणाचं का असेना, याचं मला अप्रूप होतं.

माझ्याबरोबर शिकणारा पुण्याचा एक मित्र मात्र हसायचा. "अरे यार, लॅब सोडून वीकेंडला दुसऱ्यांचे आजोबा काय शोधतोस? प्रोफेसरनं पाहिलं तर तुझीच समाधी बांधेल."

पीएच.डी.साठी जर्मन वाचनाची परीक्षा द्यावी लागे, ती मी पास झालो होतो. पण जुन्या जर्मन छापाची अक्षरं वेगळीच, काटेरी. ती मावशींनी मला शिकवली. त्यांच्या आजीचं प्रार्थनेचं पुस्तक स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडून त्या लाकडी चमच्याच्या दांड्यानं एकेक अक्षर दाखवायच्या. चुकलो की दांडा टेबलावर आपटायच्या. एक अख्खा हिवाळा आमची ही शाळा चालली. शेवटी मी एक पानभर प्रार्थना न अडखळता वाचली, तर म्हणाल्या, "माझ्या भावाला हे आयुष्यात जमलं नाही."

वसंतात आम्ही स्मशानांतून फिरायला लागलो. तिथले जुने दगड वालुकाश्माचे, अक्षरं झिजून गेलेली. दुपारच्या उन्हात त्यांवर काहीच दिसत नाही. पण बाजूनं आरसा धरून ऊन तिरपं पाडलं की खाचांमध्ये सावली उतरते आणि लिहिलेलं उठून येतं. जिल्ह्याच्या ग्रंथालयातल्या बाईंनी ही युक्ती सांगितली होती. मावशींनी बेडरूममधला आरसा खिळ्यावरून काढला, गोधडीत गुंडाळला, आणि दर रविवारी तो आमच्याबरोबर मागच्या सीटवर बसून यायचा.

मे महिन्यात एका पडक्या कुंपणाच्या स्मशानात आम्हाला मूळपुरुषाच्या बायकोचा दगड सापडला. तो कोणी पाहिला नव्हता असं नाही, पण वाचला कोणी नव्हता. मी पाण्यानं आणि मऊ ब्रशनं शेवाळ काढलं. आरसा मी धरला, कारण वारा होता आणि तो जड होता. वाचलं मावशींनीच, मोठ्यानं, बोट फिरवत. ही बाई पॅलेटिनेटमध्ये जन्मली. पहिला नवरा समुद्रावर वारला, त्याच्यापासून एक मुलगा. मग दुसरं लग्न, त्या लग्नात मूल नाही.

दुसरा नवरा म्हणजेच ज्याचा स्तंभ उभारायचा होता तो मूळपुरुष. घराण्यातल्या सगळ्या शाखा त्या एका मुलापासून आलेल्या. मुलानं नाव घेतलं सावत्र बापाचं, पण रक्त त्या समुद्रावर गेलेल्या माणसाचं. त्याचं नाव जिथे असायला हवं, तिथला दगडाचा पोपडा उडून गेला होता.

मावशी गवतात बसल्या. मी आरसा शेजारच्या दगडाला टेकवला आणि त्याच उजेडात सगळं पुन्हा वाचलं. तेच होतं.

"म्हणजे ज्याचं आपण दर वर्षी कौतुक करतो, तो आपला नव्हेच," त्या म्हणाल्या.

"तसं कसं? त्यानं मुलाला नाव दिलं, वाढवलं. आमच्याकडे दत्तक मुलगाही घराचाच असतो."

"आणि ती बाई?"

त्या बाईचं पुढचं आम्ही ग्रंथालयातल्या जुन्या नोंदींवरून जुळवलं. तेव्हा जहाजाचं भाडं नसलेले लोक बंदरावर आपली काही वर्षांची मजुरी विकून ते फेडत. माणूस अर्धा प्रवास झाल्यावर मेला तर त्याचंही भाडं बायकामुलांवर पडे. ही बाई तान्ह्या मुलाला घेऊन उतरली आणि स्वतःच्या आणि मेलेल्या नवऱ्याच्याही प्रवासापायी एका गिरणीवाल्याकडे वर्षानुवर्षं राबली. मग सुटल्यावर शेजारच्या शेतकऱ्याशी तिचं लग्न झालं. हे वाचताना मला जन्मभर राबलेली माझी आई आठवली, आणि ते मी मावशींना सांगितलंही. त्यांनी माझा हात दाबला.

"ऑगस्टमध्ये हे तूच सांग," त्या म्हणाल्या.

"मी कशाला? तुमचं घराणं. मी परका माणूस."

"परका? माझ्या भाच्यांपैकी कोणी रविवारी दगड घासायला आला होता का? तू सांग, मी शेजारी उभी राहते."

मी भाषण लिहिलं. त्यात कोणाची उणीदुणी नव्हती. माझं म्हणणं एवढंच होतं की स्तंभावर त्या बाईचंही नाव घालावं, आणि तिच्या पहिल्या नवऱ्यासाठी एक ओळ मोकळी सोडावी. मावशींनी ते टाइप केलं आणि दोन ठिकाणी इंग्रजी सुधारलं.

मेळाव्याच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या शाखेची निळी फीत माझ्या शर्टाला टाचली. जेवणं झाल्यावर भावानं मला बोलावलं. मी वाचायला सुरुवात केली. समुद्रावर वारलेल्या माणसापर्यंत आलो तेव्हा बाकांवर कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या लग्नात मूल नव्हतं, हे वाचलं तेव्हा ती थांबली.

भाऊ उठले. ते रागावले नव्हते, हसतच होते. "घ्या! शेवटी एक इंडियनच येऊन सांगतोय की ही जमीन आमची नाही!"

झाडीभर हशा पिकला. मीही हसलो, कारण विनोद चांगला होता.

मग त्यांचं हसू गेलं. "पण चीफ, खरं सांग. ती जुनी अक्षरं आमच्यातल्या निम्म्या लोकांना लागत नाहीत. तुला लागली? नक्की?"

"लागली," मी म्हणालो. "मी एकट्यानं नाही वाचलं." आणि मावशींकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी भावाकडे पाहिलं, मग बाकांवरच्या म्हाताऱ्या माणसांकडे. "दगड फार झिजलाय," त्या म्हणाल्या. "आणि याची परीक्षा पुस्तकी जर्मनची. हुशार मुलगा आहे, पण ते नीट लागलं नसेल त्याला."

कोणीतरी समजूतदारपणे टाळ्या वाजवल्या. एका काकूंनी माझ्या पाठीवर थाप मारली, "प्रयत्न चांगला केलास हो." भावानं काकवीचा पाय वाढायला सांगितला. मी निळी फीत काढून टेबलावर ठेवली आणि गाडीत जाऊन बसलो.

परतताना मावशीच गाडी चालवत होत्या. मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्या म्हणाल्या, "तू पुढच्या वर्षी निघून जाशील. मला इथेच राहायचंय. त्यांच्यातच पुरणार आहेत मला."

"पण तुम्ही स्वतः वाचलं होतंत."

"माहीत आहे मला मी काय वाचलं ते."

त्यानंतर त्या विषयावर त्यांनी तोंड उघडलं नाही. मी घर सोडावं असं मित्र म्हणत होता. "तुला सगळ्यांसमोर अडाणी ठरवलं, आणि तू तिच्याकडे जेवतोस?" मी राहिलो. प्रबंध अर्धा टाइप झाला होता हे एक कारण, पण तेवढंच नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी जे जे केलं ते खोटं होतं असं मला ठरवता येत नव्हतं. संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसून जेवायचो. मीठ मागायचो, हवामानाचं बोलायचो. पूर्वी मी ऊठसूट मावशी म्हणायचो, आता वाक्यच असं रचायचो की हाक मारायला लागू नये.

प्रबंधातलं आभाराचं पान मी त्यांना सगळ्यात शेवटी टाइप करायला दिलं. पहिलं नाव त्यांचंच होतं. टाइपरायटरचा आवाज मध्येच बराच वेळ थांबला, मग पुन्हा सुरू झाला. पान बिनचूक आलं.

स्तंभ उभा राहिला तो एकट्या मूळपुरुषाच्या नावाचा. मला टेक्ससमध्ये प्लेनोला नोकरी लागली आणि मी निघालो. पुढच्या शरदात त्यांचं पत्र आलं. भावाला पुस्तक छापायचंय, वंशावळीचे तक्ते तुझ्याकडे आहेत, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ये आणि येताना ते घेऊन ये, तुझी खोली तशीच ठेवली आहे, असं लिहिलं होतं. दगडाबद्दल एक अक्षर नव्हतं. मी उत्तर इंग्रजीत लिहिलं. ते मराठीत असं होतं:

"प्रिय मावशी,

तुमचं पत्र मिळालं. मी बरा आहे. इथे मोठे रस्ते आहेत आणि मी न घाबरता गाडी चालवतो, ते तुमच्यामुळे. कंपनीनं माझा प्रबंध मागून घेतला, तेव्हा वरिष्ठांनी विचारलं की इतकं स्वच्छ टाइप कोणी केलं. मी अभिमानानं सांगितलं.

तक्ते या पत्रासोबत पाठवत आहे. ते तुमच्या घराण्याचे आहेत, माझ्याकडे ठेवण्याचा मला हक्क नाही. त्या बाईच्या दगडावर जे आहे, ते मी तक्त्यात जसंच्या तसं लिहिलं आहे. छापताना तुमचे भाऊ ते काढतील. त्यांना मी दोष देत नाही, त्यांनी तो दगड वाचलेला नाही.

दोष देतो तो तुम्हाला. तुम्हाला आपल्या माणसांत राहायचं होतं, हे मला समजतं. गप्प राहिला असतात तरी मी ते सोसलं असतं. पण मला वाचता येत नाही, असं तुम्ही म्हणालात. माझ्या घरात वाचता येणारा मी पहिला. माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं, आणि हे तुम्हाला इतर कोणापेक्षाही जास्त ठाऊक होतं.

त्यांना काही सांगू नका. फक्त मला एकदा कळवा की मी बरोबर वाचलं होतं. तसं पत्र येईपर्यंत मी तिकडे येणार नाही, थँक्सगिव्हिंगलाही नाही. खोली दुसऱ्या कोणाला द्या, थंडीत एखादा मुलगा दारात येईलच.

गुडघ्यांना जपा. बर्फ पडला की पायऱ्या निसरड्या होतात, त्यावर मीठ टाकायला शेजारच्यांना सांगा, स्वतः उतरू नका."