सहलीच्या तक्त्यात आईचे गुडघे नव्हते

मंडळी, आज आईनं माझ्या नियोजनाचा लोणारच्या काठावर पार चुराडा केला.

आई गेल्या महिन्यात अंगणवाडीतून निवृत्त झाली. तिला आयुष्यातली पहिली सहल घडवायची म्हणून मी चिखली ते लोणार असा मिनिटामिनिटाचा तक्ता छापून घेतला. 'नऊ वाजता सरोवरापर्यंत खाली उतरणे. नऊ चाळीसला हसरा फोटो.'

बरोबर नऊला आई, बायको आणि मी काठावर उभे. आईनं खोल खाली पाहिलं, मग माझ्याकडे.

"काऊन रे, या तुह्या कागदात माहे गुडघे कुठं हायेत?"

मी कागद उलटूनसुद्धा पाहिला.

"आई, हळूहळू उतरू ना."

"उतरीन. पन वर कोन आनंन मले? तुहा कागद?"

तेवढ्यात बायको म्हणाली, "चला, शांतामावशीकडे. मी परवाच फोन करून ठेवलाय."

शांतामावशी ही आईची शाळेतली मैत्रीण, लग्न होऊन लोणारला आलेली. बायकोनं आईला साधं विचारलं होतं, "आई, तुम्हाले काय करावंसं वाटते?" मी मात्र तेवढंच विचारलं नव्हतं.

मावशीच्या ओसरीत दोघींनी जुन्या मास्तरांची नक्कल केली आणि ठसका लागेपर्यंत हसल्या. इतकी वर्षं आईला असं हसताना मी पाहिलंच नव्हतं.

निघताना आई मला म्हणाली, "पुढच्या खेपेले सूनबाईलेच ठरवू दे."

खरं सांगा, तुमच्या घरी सहल ज्याच्यासाठी ठरते, त्याला कुणी विचारतं का?