ढकलणारीची गाडी

आमच्या लालबागच्या चाळीत बेरिंगच्या गाडीला दोन माणसं लागत. एक चालवणारा आणि एक ढकलणारा. चालवणारा फळीवर बसे, पाय पुढच्या आडव्या दांडक्यावर रोवी, हातात सुतळीचा लगाम धरी आणि शर्यत जिंकली की चाळभर कॉलर ताठ करून फिरे. ढकलणारा मागून वाकून धावे, उतार लागला की हात सोडी आणि धुळीत उभा राहून पुढे काय झालं ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी. मी ढकलणारी होते. पोरी ढकलतात, चालवत नाहीत, असा नियम होता. तो कुणी केला असं विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघत. म्हणजे कुणीच केला नव्हता, आणि असले नियमच मोडायला सगळ्यात चिवट.

आता ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. एक लांब फळी, मागे दोन आणि पुढे एक अशी मोटारीची झिजलेली बेरिंगं चाकं म्हणून ठोकलेली, आणि पुढचं दांडकं डावीउजवीकडे वळेल असं एका बोल्टवर बसवलेलं. बस्स. रबर नाही, स्प्रिंग नाही. डांबरावर लोखंड. सुटली की खर्रर्र असा आवाज करी की गॅलरीतल्या बायका एका सुरात शिव्या द्यायला बाहेर येत. आम्हाला तो आवाज फार आवडे.

टोळीचा म्होरक्या तळमजल्यावरचा एक मुलगा होता, माझ्याहून थोडा मोठा. त्याने स्वतःच स्वतःला कप्तान ही पदवी दिली होती आणि आम्ही ती निमूटपणे मान्य केली होती. वाईट नव्हता. फक्त करी रोडच्या पुलाचा उतार आपल्या वडिलांनी गावाहून येताना बरोबर आणला, अशी त्याची समजूत होती. मी त्याचीच गाडी ढकलायची. माझे पाय चांगले होते, हे तोही कबूल करी.

ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं. आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ. माझी आई गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला होती. पाळी सुटली की खात्यातल्या बायकांबरोबर मोर्चाला जाई आणि घसा बसवून घरी येई. वडील कुरकुरत, "बायकांनी कित्याक जावचां?" आई तव्यावर भाकरी टाकता टाकता त्या बसक्या आवाजात विचारी, "मुंबय काय नुसती बापयांची आसा?" यावर वडील भाकरी भाजली का बघत. मी हे सगळं कोपऱ्यात बसून ऐकत असे, आणि एक गोष्ट मला कळत नसे. जी बाई घरात असं विचारू शकते, तिच्या मुलीने पुलावर मात्र मुकाट्याने गाडी का ढकलावी?

एका हरताळाच्या दिवशी रस्ते असे मोकळे झाले की ट्रामचे रूळ नुसतेच उन्हात चमकत पडले होते. तो काळ हसण्याखेळण्याचा नव्हता, हे आम्हाला कळत होतं. गोळीबार झाले होते. मागच्या चाळीतला एक माणूस घरी परत आला नव्हता आणि त्याच्या दारासमोरून जाताना आम्ही आपोआप हळू बोलत असू. पण मोकळा उतार दिसला की पाय ऐकत नाहीत. आम्ही गाड्या ओढत पुलाच्या माथ्यावर गेलो. कप्तान बसला, मी मागे वाकले, आणि तेवढ्यात पुलाच्या पायथ्याशी पोलिसांची लॉरी येऊन थांबली.

"पळा!" कप्तान ओरडला आणि गाडीवरून उडी मारून पलीकडच्या बाजूला पसार झाला. बाकीचेही त्याच्या मागे. मला गाडी टाकून जाववेना. तिची बेरिंगं मी घासलेटात धुतली होती, फळीचे खिळे मी ठोकले होते. उचलून पळावं तर ती माझ्याच्याने उचलेना. मग मी एकच करू शकत होते. मी तिच्यावर बसले आणि पाय उचलले.

सुरुवातीला गाडी नुसती कण्हली. मग उताराने तिला ओढलं. रस्ता माझ्या मांडीपासून वीतभर खाली होता आणि तो दिसेनासा झाला, त्याचा नुसता काळा पट्टा झाला. आवाज कानात नव्हताच, तो दातांत होता, माकडहाडात होता. डोळ्यांतून पाणी वाहून कानाकडे जात होतं. पायाने दांडकं जरासं दाबलं की सगळा पूल एका अंगाला झुकायचा. मी, जिला चाळीत चालतानासुद्धा 'हळू' म्हणून ओरडा बसायचा, ती मी हे सगळं करत होते! इतक्या वर्षांनी सांगते, त्या वेगाइतकं माझं स्वतःचं असं मला त्याआधी काही मिळालं नव्हतं.

खाली एक हवालदार लाठी आडवी धरून रस्त्यात आला. "ए पोरी! थांब! थांब म्हणतो ना!"

थांबायचं कसं हे मला ठाऊक नव्हतं. ढकलणारीला ब्रेक कोण शिकवतो? भीतीने तोंडातून काहीतरी निघायला हवं होतं, ते निघालं ते रोज ऐकलेलं. "झालाच पाहिजे!" असं मी बेंबीच्या देठापासून ओरडले. हवालदार बाजूला झाला. घोषणेला घाबरला की बेरिंगांना, देव जाणे. मी डाव्या पायाने दांडकं दाबलं, बोळात वळले आणि कोळशाच्या वखारीपुढच्या रिकाम्या पोत्यांच्या ढिगात जाऊन थांबले.

थोड्या वेळाने कप्तान आला. माझ्या काळ्या तोंडाकडे न बघता त्याने आधी बेरिंगं फिरवून पाहिली. "शाबूत हाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "शाब्बास हां. उद्या लवकर ये. ढकलायला."

त्या एका शब्दाने माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच. दसऱ्याला पुलावर शेजारच्या चाळीशी मोठी शर्यत असे. त्या शर्यतीत मी बसणार, माझ्या स्वतःच्या गाडीवर, असं मी ठरवलं. परळच्या नाक्यावर एका गॅरेजच्या मागे जुन्या बेरिंगांचा ढीग पडलेला असे. तिथल्या मिस्त्रीला मी सांगितलं, भावाला हवीत. मला भाऊ नाही. फळी एका खोक्याची मिळाली. बसायला मी घरातला पाट ठोकला, आणि सणासुदीला पंगतीत एक पाट कमी पडू लागला. वडील म्हणाले, उंदरांनी नेला असेल. आईनेही उंदरांनाच शिव्या घातल्या, पण तिने गाडी पाहिली होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी टोळीला सांगितलं, उद्या मी चालवणार.

"पोरी ढकलतात," कप्तान म्हणाला.

"मी चालवणार."

"परकर बेरिंगमध्ये जाईल. उलटी पडशील नि आमच्यावर नाव येईल."

हे मात्र मला खोडता येईना. मी घरी येऊन आदळआपट केली. आईने कारण विचारलं, ऐकलं आणि म्हणाली, "हात्तीच्या! कासोटो घाल. आमी लुगडी नेसानच मशीनीर उभी रवतंव." दुसऱ्या दिवशी तिने स्वतः माझ्या परकराचा असा कासोटा आवळला की मला श्वास घेता येईना. "पाय मोडलंस तर माका सांगूक येव नको," एवढा आशीर्वाद देऊन ती निघाली.

गिरणीत आम्हा पोरांना वर्षातून एकदाच सोडत, ते दसऱ्याला. त्या सकाळी खात्याखात्यात मशीनची पूजा असे. हळदकुंकू लावलेली, झेंडूच्या हारांनी झाकलेली मशीनं गप्प उभी असत आणि आम्ही प्रसादाचा पेढा चोखत त्यांच्यामधून फिरत असू. मशीनं आम्ही तशीच पाहिलेली, हारातली. मग चाळीत येऊन पोरं आपल्या गाड्यांचीही तशीच पूजा करत. त्या दिवशी शर्यतीच्या दोन्ही गाड्यांना, कप्तानच्या आणि शेजारच्या चाळीच्या, हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, हार चढले. कप्तानचा हार अधिक जाड. पुढच्या दांडक्याला त्याने तो दुहेरी गुंडाळला. दसऱ्याचा हार काढला तर गाडी रुसते, असं तो सगळ्यांना सांगत होता.

माझ्या गाडीपाशी ताट आलं आणि पुढे गेलं. "हिला नको. ही शर्यतीत नाय," कप्तान म्हणाला. एक झेंडू तरी टाकायचा होता! मी बिनपूजेची गाडी ओढत सगळ्यांच्या मागून पूल चढले आणि त्यांच्या बाजूला नेऊन लावली. ते ओरडले, मी हलले नाही. मला ढकलायला अर्थातच कुणी आलं नाही. एक दोन तीन झालं, ते दोघे सुटले, आणि मी माझी मलाच ढकलत धावत सुटले. आयुष्यभर तेच केलेलं असल्याने धावणं बरं जमलं. मग पाटावर उडी.

दोघे पुढे होते, चांगले पुढे. अर्ध्या उतारावर कप्तानच्या हाराचा एक पदर सुटला, वाऱ्यावर उडाला आणि पुढच्या बेरिंगने तो गिळला. आधी पिवळ्या पाकळ्यांचा फवारा उडाला. मग दोऱ्याचा पीळ बसला, बेरिंग जागच्या जागी थांबलं आणि कप्तान गाडीशिवाय पुढे गेला. दुसऱ्याने त्याला चुकवायला गाडी वळवली आणि फुटपाथला धडकला. मी मागे होते म्हणून मला सगळं दिसलं. डावा पाय, उजवा पाय, दोघांच्या मधून मी निघाले ती थेट शर्यत संपायच्या, इराण्याच्या हॉटेलासमोरच्या खांबापर्यंत. आता थांबायचं कसं तेही मला येत होतं.

परत वर आले तेव्हा कप्तान खरचटलेला गुडघा चोळत बेरिंगातून दोरा ओढत होता. "ही शर्यतीत नव्हती," त्याने जाहीर केलं. "पूजा नाय, काय नाय. धरायचं नाय."

"मग पहिला कोण?"

"कुणीच नाय. रद्द."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला इतका राग आला की रडू फुटलं, आणि सगळ्यांसमोर रडू फुटलं म्हणून आणखी राग आला. मी हरले असते तर 'बघ, पोरी चालवत नाहीत' असं झालं असतं. जिंकले तर मी तिथे नव्हतेच! मग मी नेमकं करायचं तरी काय?

आई तिच्या खात्यातल्या बायकांबरोबर सोनं वाटायला लोअर परळकडे निघाली होती. कठड्याशी उभं राहून त्यांनी सगळं बघितलं होतं. ती आली, वाकून कप्तानचं बेरिंग पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हार काढल्याशिवाय मशीन कोण चालू करता? दुसऱ्या दिवशी आदी हार काढतत, मगे पट्टो चढयतत."

चालणारं मशीन आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं.

मी नाक पुसलं. "हार काढ," मी कप्तानला म्हटलं, "आणि परत लाव. आपण दोघंच."

"तुला ढकलणार कोण?" तो म्हणाला. पुलावर कुणी पुढे आलं नाही.

आईने हातातली आपट्याची पानं शेजारणीकडे दिली आणि पदर कमरेला खोचला. "बस गो," ती मला म्हणाली. खात्यातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कप्तानने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, हार तोडून कठड्यावर ठेवला आणि गाडी आणून माझ्या गाडीला लावून उभी केली.

आईचे हात पाठीवर आले ते धक्का देण्याआधी क्षणभर नुसते टेकले होते. मग तिने असं ढकललं की पहिल्या धक्क्यालाच मी पुढे गेले. तिची चप्पल मागे फटफटताना ऐकू आली, मग तीही ऐकू येईना. कप्तान माझ्या बरोबरीला आला. दोन गाड्यांचा खर्रर्र एक झाला. तो वाकला, मी वाकले, एकमेकांचा घाम लागेल इतके आम्ही जवळ होतो. मी ओरडत होते, तोही ओरडत होता, काय ते दोघांनाही ठाऊक नाही. पायाखाली ठिणग्या दिसल्या. खांब अंगावर आला, आणि शेवटच्या चार हातांत त्याच्या फळीचं टोक माझ्या फळीच्या वीतभर पुढे गेलं.

गाडी थांबायच्या आत तो उतरला. दोन्ही हात वर करून, लंगडत, खांबाभोवती नाचू लागला. "हरवली! हिला हरवली रे!" चाळीच्या दिशेने तोंड करून तो पुन्हा पुन्हा ओरडत होता. इतका आनंद त्याला शेजारच्या चाळीला हरवून कधी झालेला मी पाहिला नव्हता.

मी पाटावर बसूनच होते. कासोटा सुटला होता आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"अजून मोठ्याने ओरड," मी त्याला म्हटलं. "वरच्या मजल्यावर ऐकू नाही गेलं."